मामांनी परत घेतलेलं नाव

माणसाच्या मनाला जगाने आजवर जितकी नावं ठेवली, तितकी सगळी माझ्या बायकोच्या मामांना पाठ आहेत. मामा मनोविकारांचे डॉक्टर. आता निवृत्त होऊन रिसालीत राहतात. लोक शोकेसमध्ये कपबशा मांडतात, मामांनी तिथे मनोविकारांच्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या साऱ्या आवृत्त्या मांडल्यात. पहिली पोथीएवढी, शेवटची उशीएवढी. बाईचं कुठलंही दुखणं एके काळी हिस्टेरियात कसं ढकलून देत, हे ते भर पंगतीत सांगतात आणि वाढपी बुंदी वाढायचं विसरतो. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हाही तेव्हा आजारच होता. पुढे तो ग्रंथातून वगळला. "एका रातीत किती लोक बिना गोळीचे बरे झाले पाहा," म्हणून मामा स्वतःच हसतात. लग्नात कुणी उगीच 'मले डिप्रेशन आलं' म्हणालं, की खुर्ची ओढून त्याला झोप कशी, भूक कशी, विचारत बसतात. पाहुणे त्यांना टाळतात. पण ज्याची झोप खरंच उडाली आहे, तो दुसऱ्या दिवशी हळूच रिसाली गाठतो.

माझा आतेभाऊ बापू जामुलला राहतो. तरुणपणी त्याला आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा मामांनीच कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिलं होतं. त्या एका शब्दाने त्याचं दुर्गला ठरलेलं लग्न मोडलं. मामा निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या बारशाला बापू त्यांना भेटला, तो अगदी ठणठणीत. हे आपण लिहिलेल्या नावाशी जुळेना, म्हणून मामा जेवण सोडून आत्याशी बोलत बसले. आवाज फक्त अतिउत्साहाच्या भरात येत, मधली वर्षं स्वच्छ जात, हे कळल्यावर त्यांनी बापूला आपल्या एका विद्यार्थिनीकडे नेलं. तिने सगळं तपासून बायपोलर सांगितलं आणि औषध बदललं. मग मामा स्कूटरवरून एकटेच जामुलला गेले.

"बापू, तुले मी दिलेलं नाव चुकलं होतं. तवा आम्ही आवाज म्हटलं की तेच लिहीत होतो. पन चूक माझीच."

बापू म्हणाला, "मामा, हे दुर्गवाल्याइले कोन सांगन?"

"तू म्हनशील तर मी."

बापूने होकाराची मान हलवली. मामा खरंच दुर्गला गेले. मुलीच्या म्हाताऱ्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. आता काय उपयोग, म्हणाले. पण चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. परतताना मामा जामुलला थांबले आणि बापूला सगळं सांगितलं.

त्याने एवढंच विचारलं, "ती होती काय घरी?"

"नाही रे. सासरी रायते ती, रायपूरले."

बापू बरं म्हणाला. मामा संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले.