विहिरीकाठची पेढी

आमच्या उमेळे गावात आनंदीबाईंचं नाव निघालं की माणसं अजून म्हणतात, मंदीतसुद्धा हसायची ती बाई. कुणी हे कौतुकाने म्हणतं, कुणी डोक्याजवळ बोट फिरवून. मी त्यांची शेजारीण. मेंदीच्या कुंपणापलीकडे त्यांची पानवेलींची वाडी आणि अलीकडे आमचं घर.

वाडी काशिनाथकाकांची, म्हणजे आनंदीबाईंच्या यजमानांची. खुडलेली पानं करंडीत भरण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. आत केळीच्या पानांचं अस्तर, देठाला देठ लावून पानांचे थर आणि वर ओलं फडकं. करंडी कराचीला उघडली तरी पान आत्ताच वेलीवरून उतरवल्यासारखं निघायचं. तिकडचे व्यापारी आपली करंडी न उघडता भाव देतात, असं काका स्वतः सांगत. ते खरंही असावं, कारण एरवी ते स्वतःबद्दल काहीच सांगत नसत.

एकोणपन्नास साली आपल्या सरकारने रुपयाची किंमत उतरवली आणि पाकिस्तानने त्यांच्या रुपयाची उतरवली नाही. दोन्ही देशांचा व्यापार अडला. फाळणीतूनही कसाबसा टिकलेला पानांचा रस्ता बंद झाला. मी वर्तमानपत्र वाचून आनंदीबाईंना हे समजावलं, तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आपला रुपया बुटका झाला आणि त्यांचा उंचच राहिला. आता दोघं एका पंक्तीला बसत नाहीत. एवढंच ना, बी.ए.बाई?"

"एवढंच नाही हो काकी. हे किती दिवस चालेल, सांगता येत नाही."

"मग तोवर आपणच पान खाऊ. नवाबाच्या घरी तरी एवढी पानं असतील का?"

त्या खरंच तसं वागल्या. पान वेळेवर खुडलं नाही तर ते पिवळं पडून गळतं, म्हणून खुडणी चालूच राहिली. मजूर बंद केले आणि अंगठ्यात लोखंडी नखी घालून त्या एकट्याच खुडू लागल्या. पाचूबंदरची तेरेसा कोळीण मासळीची पाटी घेऊन दारावरून जायची. तिला त्या हाक मारून थांबवायच्या.

"आनंदीबाय, पैसं हायेत काय तुज्याकडं?" तेरेसा पाटी न उतरवताच विचारायची.

"पैसे मागणारी तू एकटीच राहिलीस बघ गावात. पानं घे."

"एवढी पानं खाऊन माजं पोट भरनार काय?"

"तुझं तोंड बंद राहील. तेही कमी नाही. टाक चार सुके बोंबील."

तेरेसा शिव्या देत बोंबील टाकायची आणि पानं घेऊन जायची. आनंदीबाईंच्या लुगड्याला तेव्हा तीन रंगांची ठिगळं होती. कुणी बघितलं की त्या म्हणायच्या, "दुकानात मागितलं तर मिळणार नाही असलं."

आमच्याकडे ह्यांच्या कंपनीने पगार कापला होता. मी माझ्या लेकीच्या, विनीच्या दुधात पाणी घालत होते आणि तिने पेला तोंडाला लावला की दुसरीकडे बघत होते. कुंपणापलीकडून हसणं ऐकू आलं की वाटे, या बाईला काही कळलेलंच नाही.

मग एका दुपारी त्या विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"विनीला दुपारची आमच्या विहिरीवर खेळायला पाठवशील?"

त्यांच्या विहिरीचा कठडा गुडघ्याएवढाही नव्हता. विनी तेव्हा सहा वर्षांची होती.

"विहिरीवर? कशाला?"

"हे बसतात तिथे. रोज." आनंदीबाई वाटीकडे बघत बोलत होत्या. "पाण्यात बघत बसतात. बोलत नाहीत, ताटावरून तसेच उठतात. मी जाऊन बसले की मला काहीतरी काम सांगून घालवतात. किती वेळ पाठीमागे फिरू? मला खुडणी आहे, चूल आहे. दिवसभर हसवते, पण हसत नाहीत गं ते." मग त्या म्हणाल्या, "पोरीच्या देखत माणूस तसलं काही करत नाही."

काशिनाथकाकांची दया आली, पण त्याआधी विनीचा फ्रॉक पाण्यावर फुगलेला दिसला.

"नाही काकी," मी म्हटलं. "मला नाही जमणार. माझी एकच आहे."

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "मीही नसती पाठवली." आणि दारातून बाहेर पडता पडता हसून म्हणाल्या, "विरजण चांगलं आंबट दिलंयस ना? मागच्या वेळी दही लागलं की दूधच रुसून बसलं, कळलं नव्हतं."

तो दिवस मी कसा काढला, मला माहीत. पलीकडे रहाट वाजला की मी धावत कुंपणापाशी जायची. रहाट थांबला की आणखी भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिवण घेतलं, विनीचा हात धरला आणि गेले. पोरीला एकटी सोडायची नाही आणि हाताच्या अंतरावर स्वतः बसायचं, एवढं ठरवून गेले.

विहिरीपासून थोडं दूर, सुपारीच्या झाडाखाली आनंदीबाईंनी घोंगडी अंथरली आणि विनीला पेढी मांडून दिली. करवंट्या, चिंचोके, खडे हा माल आणि पानं हे पैसे.

"विनीशेट, तांदळाचा भाव काय?"

"दोन पानं."

"काल एक होतं."

"महागाई आहे," विनी म्हणाली. हा शब्द ती आमच्याच घरी शिकली होती.

"ऐकलंत का हो?" आनंदीबाईंनी काठाकडे बघून हाक मारली. "आपल्याकडे एवढा पैसा वेलीला लटकलाय आणि तुम्ही तोंड पाडून बसलाय."

काशिनाथकाका कठड्यावर पाठमोरे बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. दाढी वाढली होती आणि सदरा खांद्यावरून लोंबत होता.

असं रोज चाललं. आनंदीबाई गिऱ्हाईक होत, भांडत, उधारी मागत, विनी खिदळे, आणि त्या पाठीवर काही उमटत नसे. एकदा पानं निवडता निवडता आनंदीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझ्या तोंडाची हाडं दुखतात आता." शिवणाचा एक टाका घालायचा आणि एकदा विनीकडे बघायचं, एवढंच माझं चाललं होतं.

त्या दिवशी वारा होता. सुईत दोरा ओवायला मी मान खाली घातली, तेवढ्यात विनीचे पैसे उडाले. पानं भुईवरून सरकत कठड्याकडे गेली आणि त्यांच्या मागे ती. मी हाक मारली तेव्हा ती कठड्यावर पोटावर पडून आत हात घालत होती.

मी उठेपर्यंत काशिनाथकाकांनी तिला फ्रॉकला धरून उचललं होतं. त्यांनी तिला छातीशी घट्ट धरलं, आणि इतक्या दिवसांत न ऐकलेला त्यांचा आवाज फुटला.

"कुणी आणून बसवलं हिला इथे? अक्कल आहे का बायांनो? उघड्या विहिरीवर पोर?"

आनंदीबाई मांडीवरची पानं तशीच टाकून उभ्या राहिल्या.

"मी बसवली."

"कशाला?"

"तुमच्यावर पहारा म्हणून."

विनी त्यांच्या खांद्यावर रडत होती. काका बायकोकडे बघत राहिले. आनंदीबाईंनी नजर खाली घेतली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा हसण्याचा मागमूस नव्हता, आणि तो चेहरा इतका थकलेला आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं. काकांनीही बहुधा पहिल्यांदाच पाहिला.

त्यांनी विनीला माझ्या हातात दिलं आणि ते पडवीत गेले. तिथे कराचीच्या करंड्यांची चळत होती. व्यापार आज ना उद्या सुरू होईल म्हणून त्यांनी ती कुणाला हलवू दिली नव्हती. एकेक करंडी त्यांनी अंगणात आणून टाकली. आडवे घालायला मागच्या बाजूचे बांबू ओढत आणले.

"अहो, करंड्या कशाला मोडता?" आनंदीबाई म्हणाल्या. "रस्ता खुला झाला तर लागतील."

"लागतील तेव्हा नव्या विणू. विहिरीवर झाकण पाहिजे. पाणी ओढायला एक कोपरा उघडा ठेवतो, पोराचं डोकंसुद्धा जाणार नाही एवढाच." ते खाली बसले आणि करंडीची वीण सोडवू लागले. सुकलेली कामटी हाताने तुटेना. "कोयता दे."

आनंदीबाई जागच्या हलल्या नाहीत. मी विनीला आणखी घट्ट धरलं.

"अगं, कोयता दे. संध्याकाळच्या आत बांधून झालं पाहिजे."

त्या आत गेल्या. बराच वेळ लागला त्यांना. मग कोयता घेऊन आल्या, मुठीकडून काकांच्या हातात दिला आणि घोंगडीवर त्यांच्याकडे पाठ करून बसून विखुरलेली पानं गोळा करू लागल्या.

मला पाठ फिरवता आली नाही. झाकणाची शेवटची गाठ बसेपर्यंत मी काकांच्या कोयत्याच्या हाताकडे बघत उभी होते.