कुजबुजणारा मासेवाला

मोहाडीच्या बाजारातल्या त्या मासेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भर गर्दीतही तो कुजबुजतो. "मोठ्यानं बोललं का मासोळ्या पयून जातेत, जी." मासे तर टोपलीत मेलेले!

ई-स्पोर्ट्स लीगच्या पहिल्याच हंगामाची अंतिम लढत आम्ही माझ्या मोबाइलवर पाहिली, कारण त्याची पोरगी खेळत होती. शेवटी तिच्या संघातली ती एकटीच उरली आणि गेममधल्या गवतात दडून बसली.

"घाबरलेली दिसते," समालोचक म्हणाला.

"भेली नाही," हा पुटपुटला. "जाळं टाकून बसली हाय. येऊ दे त्याहिले."

समोरचे उरलेले तिघे आले. तिघेही पडले. ती जिंकली!

तो ताडकन उठला आणि अख्खा बाजार वळून बघेल असा ओरडला, "माही पोरगी हाय थे!"