पहिल्या पिल्लाचं दूध

संगणकाच्या खोलीतली ती गार फरशी माझ्या तळपायांना अजून आठवते. नव्वदच्या दशकातल्या बंगळुरात संगणकाचा मान देवघरासारखा होता. चपला बाहेर काढल्याशिवाय आत प्रवेश नसे. समुद्र तिथून कितीतरी दूर, आणि मी मात्र अनवाणी बसून पडद्यावर डॉल्फिन वाढवत होते! शेतांवर फवारलेलं डीडीटी नद्यांतून सागरात, सागरातून माशांत आणि माशांतून त्या प्रेमळ जिवांच्या चरबीत कसं साचत जातं, याचं गणित मी मांडत होते.

नराचा आलेख आज्ञाधारकपणे चढत होता. मादीनं मात्र माझी झोप उडवली. माझ्या गणितात तिच्यातलं विष वयाबरोबर वाढतच जाई, आणि प्रत्यक्षातल्या नमुन्यांत पहिल्या वेतानंतर ते झपाट्यानं उतरलेलं दिसे. चूक शोधून शोधून मी मेटाकुटीला आले. एका दुपारी, तान्ह्या लेकीला पाजायची वेळ टळली, पान्हा फुटला, पदर भिजला, आणि लख्ख उमगलं: अहो, मी दूधच धरलं नव्हतं! बाळंतिणीनं दूध विसरावं, याला काय म्हणावं? दूध समीकरणात येताच आलेख नमुन्यांशी जुळला. मी हर्षानं टाळी वाजवली, आणि लगेच हात थबकले. आईतून उतरलेलं ते विष गेलं कुठं? बरंचसं तिच्या पहिल्या पिल्लात.

रिक्षावाल्याला "स्वल्प बेग, अण्णा" अशी घाई करत घर गाठलं. लेक भुकेनं कळवळत होती, तरी तिला जवळ घेऊन मी नुसतीच बसून राहिले. बाळंतपणासाठी मालवणहून आलेली आई म्हणाली, "पाज गो तिका! वाट कसली बघतंस?"

मी तिला सगळं सांगितलं. माणसांचंही तसंच का, तिनं विचारलं. थोडंफार तसंच, मी म्हटलं. जन्मभर मासळीवर पोसलेली माझी आई हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्यातला ता तुझ्यात इला? माझा पयला पोर तू."

मला तिची विलक्षण माया आली. ज्या दुधातून विष येतं त्याच दुधानं अंग वाढतं, वाढत्या अंगात ते विरळ होत जातं, हेही गणितच सांगत होतं. पण त्या मुद्रेपुढे गणित कसलं मांडायचं? मी तिच्या शेजारी अगदी चिकटून बसले आणि लेकीला पदराखाली घेतलं. ती अधाशीपणे लुचू लागली. आई बघत राहिली.

बऱ्याच वेळानं ती नेहमीच्या स्वरात म्हणाली, "आता दुसऱ्या बाजूक घे तिका."