दार ओढून ऐकलेला आवाज

गणपती उठल्यानंतरचा सोमवार : माझे स्नेही मधुकर साळवे यांनी आपला लॅपटॉप नगरमधील एका सांस्कृतिक संस्थेच्या चिटणिसांच्या हाती दिला. त्यातील गाण्यांची प्रत काढून आठवड्यात परत करू, असे चिटणीस म्हणाले. दसऱ्याच्या अलीकडचा शुक्रवार : मधुकरराव यंत्र परत मागायला गेले. चिटणीस बाहेरगावी होते आणि खोलीची किल्ली त्यांच्याजवळ होती. त्यानंतरचा बुधवार : अध्यक्षांनी त्यांना चहा पाजला आणि विषय कार्यकारिणीपुढे ठेवतो, असे सांगितले. दुसऱ्याची वस्तू परत करण्यात कार्यकारिणीने ठरवायचे ते काय, हे सांगितले नाही. दिवाळीच्या पाडव्यानंतरचा शनिवार : पहाटे मधुकररावांच्या मुलीचा फोन आला. मी केडगावला त्यांच्या घरी पोचलो, तेव्हा त्यांना पलंगावरून खाली घेतले होते.

त्यांच्या मृत्यूला मी कोणालाही जबाबदार धरत नाही. हृदय बंद पडले. ते कोणाचेही पडते. मी जबाबदार धरतो ते त्यानंतरच्या शांततेबद्दल. पहिले चिटणीस, कारण यंत्र त्यांनी घेतले. दुसरे अध्यक्ष, कारण त्यांना ते ठाऊक होते. तिसरी कार्यकारिणी, जिची बैठक अद्याप भरलेली नाही. मी पाठवलेल्या रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचे ते ओळखतील.

मधुकरराव दूरध्वनी खात्यातून निवृत्त झाले, मी न्यायालयातून, नाझर म्हणून. ते मला वकीलसाहेब म्हणत. माझ्याकडे सनद नाही, हे मी त्यांना अनेकदा निदर्शनास आणून दिले. "सनद नसंना, राग आहे ना," ते म्हणत, "तेवढ्यावर चालतं." त्यांचे वडील जलशात ढोलकी वाजवीत. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली ती ढोलकी, असे मी पहिल्या दिवसापासून पाहिले. नोकरीच्या काळात, तारा जोडायला जिल्हाभर फिरताना, त्यांनी जलशाच्या शाहिरांची गाणी कॅसेटवर उतरवून घेतली होती. त्यांतले बहुतेक शाहीर आता नाहीत. कॅसेटनाही बुरशी धरली. लावली की टेप चिकटे किंवा तुटे. पुण्याच्या जावयाने आपला जुना लॅपटॉप दिला, तेव्हा मधुकररावांनी एकेक कॅसेट अखेरची वाजवून आतील आवाज त्या यंत्रात भरून घेतला. काही कॅसेट त्या एका वाजवण्यातच संपल्या. म्हणजे जे यंत्रात आहे, ते आता फक्त यंत्रातच आहे. वाचकांनी एवढे वाक्य लक्षात ठेवावे.

पुढे त्यांनी एक रीत धरली. ज्याचा आवाज, त्याच्या घरी जाऊन तो ऐकवायचा. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर आणि डब्याएवढे दोन स्पीकर, गोधडीत गुंडाळून, माझ्या मांडीवर, अशी आमची एसटीतली बैठक असे. मला गाण्यातले काही कळत नाही. मी उचलायला जात असे. एकदा कर्जतच्या गाडीत वाहकाने या सामानाचे वेगळे तिकीट मागितले. मी त्याला नियम दाखवायला सांगितले, त्याने मला खाली उतरायला सांगितले, आणि गाडी उभी राहिली. प्रवासी माझ्यावरच ओरडू लागले. मधुकरराव शांतपणे म्हणाले, "भाऊ, यात माणसंच आहेत, पण सगळी मेलेली. हाफ लावता का?" वाहक हसला आणि पुढे गेला. नियम कोणता, हे मला आजतागायत समजलेले नाही.

त्या यंत्राचा स्वतःचा आवाज डास गुणगुणावा तसा होता. बाहेरचे स्पीकर जोडले तरी काम निम्मेच होई. उरलेले निम्मे खोलीचे, असे मधुकरराव सांगत. कोणत्याही घरात शिरताच ते एकदा टाळी वाजवीत आणि मान तिरपी करून ऐकत. पत्र्याचे घर असेल तर समोरच्या भिंतीवर गोधडी टांगत. स्पीकर लोखंडी कपाटावर कधीही ठेवत नसत, कारण कपाट खडखडते. दोन विटा, त्यांवर दुमडलेले पोते आणि त्यावर स्पीकर. घरच्या विजेवर यंत्र लावले की घूं असा आवाज मागे राही, म्हणून ते पिन काढून बॅटरीवर चालवीत. लाइट गेल्याबद्दल घरची माणसे ओशाळत, आणि यांना मात्र आनंद होई. पुणतांब्याला नदीकाठी मोकळ्यावर बसलो, तर आवाज वाऱ्यावर गेला. कोणीतरी दोन रांजण आणले. स्पीकर त्यांच्या तोंडाशी ठेवले. ज्यांचा आवाज होता त्या शाहिरांचे चुलतबंधू थोडा वेळ ऐकून म्हणाले, "आमचा आन्ना हिरीत पडलाय का काय?" मग सगळा सरंजाम विहारात नेला आणि भिंतीच्या कोपऱ्यात मांडला. तेथे आवाज भरला... त्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, एवढे मला आठवते.

मी हे लिहितो आहे ते मात्र ठकूबाईंसाठी. कर्जत तालुक्यातील एका वस्तीवर त्या सुनेजवळ राहतात. त्यांचे यजमान सखाराम शाहीर जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची कॅसेट यंत्रात उतरली आणि त्याच वेळी तुटली. गेल्या थंडीत आम्ही तेथे गेलो. मधुकररावांनी टाळी वाजवली, गोधडी टांगली, विटा मागवल्या, ठकूबाईंना बरोबर मध्यभागी बसवले. आवाज असा लागला की शाहीर समोर उभे आहेत, असे मलाही वाटले. आणि मला सहसा तसे काही वाटत नाही. गाणे संपले. ठकूबाई म्हणाल्या, "दादा, आवाज त्येंचाच हाय. पर माज्या वळखीचा न्हाई."

सून संकोचली. एवढ्या लांबून पाव्हणे आले आणि आत्याबाई हे काय बोलता, असे ती म्हणाली.

"खोटं कशाला बोलू? म्या त्येंना कवा समूर बसून ऐकलंय? समूर बाप्ये बसायचे. घरी गानं बसवायचे तवा दार वढून घ्यायचे, आन् मी आत भाकरी थापायची. तितनंच ऐकलंय समदं."

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतले. "लावा आता," असे आतून ऐकू आले.

ऐकणारा आणि आवाज यांच्यामध्ये काही येऊ नये, याचसाठी मधुकररावांनी विटा आणि गोधड्या वाहिल्या होत्या. त्यांनी गाणे पुन्हा लावले. थोड्या वेळाने आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. दुसऱ्या कडव्याला तो ठेक्यात आला. सून आत जायला उठली, तिला मधुकररावांनी हातानेच थांबवले. गाण्याच्या मध्येच बॅटरी संपली. आतली थाप आणखी थोडा वेळ चालली आणि मग थांबली.

"सरलं व्हय?" दार उघडून ठकूबाईंनी विचारले. "आता वळखला. बसा, भाकरी झाल्यात." निघताना त्यांनी पुढच्या थंडीत हुरड्याला यायचे कबूल करून घेतले. "म्हंजी आजून यकदा ऐकीन," त्या म्हणाल्या. मधुकररावांनी मान डोलावली.

परतीच्या गाडीत ते एवढेच बोलले, "वकीलसाहेब, मी मधली भिंत काढत बसलो होतो." त्यानंतर कोणत्याही घरात गेले की टाळीच्या आधी ते विचारू लागले, तुम्ही यांना कुठून ऐकत होता? कोणी ओट्यावर बसे, कोणी गोठ्यात. एका घरी एक बाई शेजारणीच्या परसात जाऊन उभी राहिली होती.

आमची अखेरची भेट त्यांच्या फाटकापाशी झाली. संस्थेकडून पोच घेतली का, असे मी विचारले. नाही म्हणाले. मी संतापलो. "आपलीच माणसं आहेत हो," ते म्हणाले, "आपल्या माणसांकडून पोच घेतात का?" घेतात. घ्यावीच. तेव्हा मी हे पुष्कळ सविस्तर बोललो आणि ते हसून ऐकत राहिले.

स्पीकर माझ्या घरी आहेत, त्याच गोधडीत. संस्थेला ते नको होते. गेल्या आठवड्यात कर्जतहून निरोप आला : हुरडा आलाय, दादा कवा येनार? दादा गेले, हे ठकूबाईंना अजून कोणी सांगितलेले नाही. ते मी जाऊन सांगेन. पण दादांबरोबर त्यांचे यजमानही दुसऱ्यांदा गेले की काय, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याखेरीज मी त्या दारात उभा राहू शकत नाही.

म्हणून मी संस्थेत गेलो. यंत्र ज्या खोलीत असल्याचे सांगतात, तिला कुलूप होते. मी दारापाशी उभा राहून एकदा टाळी वाजवली आणि मान तिरपी करून ऐकले. शिपायाने माझ्याकडे पाहिले. मला काहीच कळले नाही. ती विद्या मधुकररावांची होती.

तेव्हा चिटणीस आणि अध्यक्ष यांनी या वृत्तपत्राच्या याच पुरवणीत, स्वतःच्या नावानिशी, उत्तर द्यावे. यंत्र कोठे आहे? ते चालू आहे का? सखाराम शाहिरांचा आवाज त्यात शाबूत आहे, की कोणी पुसून टाकला? मला खाजगी पत्र नको, चहा नको. यंत्र आपल्याच ताब्यात ठेवायचे असेल, तर तो वाद आपण नंतर घालू. तोवर ते कर्जतला घेऊन या. स्पीकर मी आणतो. आपल्या खोलीचे दार उघडायला आपल्याला जड जात असेल, पण ठकूबाईंची तशी काही मागणी नाही. त्या दार ओढूनच ऐकतात. फक्त पलीकडून आवाज आला पाहिजे. तो येईल की नाही, ते सांगा.