सुरतेची गाडी आणि आखाजीचा मुराळी

आमच्या ह्यांनी सुरतेच्या एका व्यापाऱ्याची जुनी साहेबी गाडी घरी आणली, त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप झाला. लांबलचक, काळी, आत बसलं की लोण्यात बसल्यासारखं वाटतं. पण चालेल तर शपथ! रात्री नीट उभी केली तरी सकाळी पोट जमिनीला टेकवून बसलेली. काच एकदा खाली गेली की वर यायचं नाव नाही. समोर पिवळा दिवा लागला की भर रस्त्यात अडून बसायची. नंदुरबारचे मिस्त्री बॉनेट उघडायचे, बघायचे आणि पुन्हा लावायचे. "सुरतले लई जा," म्हणायचे, म्हणजे सुरतेलाच न्या. आणि हे? "गाडी चांगली शे, रस्ता खराब शे."

लेकीच्या पाठवणीलाही ह्यांचा त्याच गाडीचा हट्ट. खांडबाऱ्याला तिच्या सासरच्या दारात पोचलो आणि तिथंच गाडीनं राम म्हटला. व्याह्यांच्या माणसांनी ढकलून बाजूला केली. तेव्हापासून विहीणबाईंना आयताच विषय मिळाला. फोनवर विचारायच्या, "गाडी तुमले लई येस, का तुम्ही गाडीले?" लेक तक्रार करायची नाही, पण तिचा आवाज बारीक व्हायचा. मला ते फार झोंबायचं.

मग लग्नानंतरची पहिली आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, आणि आणायला माहेरचा पुरुष जातो, तो मुराळी. मुराळी गेलाच नाही तर लेक येत नाही. विहीणबाईंनी बजावलं होतं, सणाच्या आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत मुराळी दारात पाहिजे, नाहीतर यंदा राहू द्या. आम्हाला मुलगा नाही, ही एकुलती एक. म्हणजे मुराळी हेच.

"जीपनं जा," मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. नाही. त्याच दारात गाडी उभी करून दाखवायची! सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावातून निघताना ह्यांनी तिची पूजा केली. पुढच्या जाळीवर झेंडूचा जाड हार, त्यावर आंब्याची पानं, आणि सगळ्यावरून नवा खण घट्ट ताणून बांधला. मला नंदुरबारला बांगड्या घ्यायच्या होत्या, म्हणून मीही बसले. वैशाखाचं ऊन, आणि इंजिनाचं तोंडच आवळलेलं! नंदुरबार दिसायला लागलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

मी खण ओढून काढला तर हाताला चटका बसला. "अहो, तिला वारा लागायला जागा तरी ठेवायची!"

"दहा मिनिटमा थंडी व्हई. तू बठ."

किती दहा मिनिटं गेली कोण जाणे. ऊन कलायला लागलं. हे गाडी सोडून हलेनात, कुणी चाकं काढून नेईल म्हणे. मला असा संताप आला! बाईनं मुराळी व्हायचं नसतं, ठाऊक होतं मला. आईनं तर नाहीच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही आम्ही. पण माझी पोर तिकडं रस्त्याकडं डोळे लावून बसली असेल, आणि मी इथं लोखंड गार व्हायची वाट बघू? मुळीच नाही. पदर खोचला आणि खांडबाऱ्याकडं निघालेल्या प्रवासी जीपला हात केला.

पोचले तेव्हा दिवस मावळायला टेकला होता, आणि विहीणबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी माझ्या मागं रस्ता बघितला.

"गाडी कोठे शे? मुराळी कोठे शे?"

"गाडी बंद पडनी. मुराळी मीच."

शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"बाई माणूस मुराळी? लोके काय म्हनतीन?"

"म्हणू द्या. मन्ही पोरले लेवाले येल शे. पाठवत नसाल तर मी इथंच बसते."

आणि बसले. ओट्याच्या पायरीवरच. लेक उंबऱ्याशी आली. हातात भरलेली पिशवी, डोळे सुजलेले. पुढं पाऊल टाकायची तिची हिंमत होईना, आणि मीही मागं हटणार नव्हते.

विहीणबाईंनी सुनेच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. मग माझ्या शेजारी खाली टेकल्या.

"मन्ही पहिली आखाजीले कोनीच मुराळी उना नही," त्या हळू म्हणाल्या. "अंधार पडस तवलग मी आठेच बठेल व्हतू."

मग सुनेकडं वळून एकदम ओरडल्या, "उभी काय ऱ्हायनी? जाय लवकर, जीप भरी जाई!"