पणजीचं माहेरचं नाव

या ग्रुपवर लोक जे लिहितात ते मी आजवर जेवताना वाचायचे आणि हसायचे. कुणाला जिन्यात बाई दिसते, कुणाला आरशात. माझ्या मते निम्म्यांना अ‍ॅसिडिटी असते आणि उरलेल्यांना लाइक हवे असतात. आज मी स्वतः लिहितेय. कमेंटमध्ये मला झोप किती लागते, गोळ्या कोणत्या चालू आहेत, असलं काही विचारू नका. बीपी नॉर्मल आहे. राग जास्त आहे, तो आधीपासून आहे.

मी लंडनला वेम्बलीत असते. बंद पडलेल्या रेस्टॉरंटांची किचन विकत घेते आणि नवीन उघडणाऱ्यांना विकते – तंदूर, कणीक मळायची मशिनं, डीप फ्रीझर. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा एका व्हॅनवर सुरू केलं, आता ईलिंग रोडच्या मागे युनिट आहे. रडणाऱ्या मालकाकडून फ्रिज कसा घ्यायचा आणि हसणाऱ्या मालकाला तो कसा द्यायचा, हे मला कळतं. सांगायचा मुद्दा, मला गंडवणं सोपं नाही.

आमचं घराणं बेळगावकडचं. कोल्हापूरच्याही खाली, एकदम दक्षिणेला. आडनाव लिहीत नाही, कारण माझा चुलत चुलत भाऊ सुधाकरदादा असल्या गोष्टी शोधून वाचतो. दादा बँकेतून रिटायर झाला आणि त्याने आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायला घेतला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – सगळ्या पिढ्यांची नावं, कोण कुठे गेला, कुणाला किती मुलं, असं जाड पुस्तक. त्याचा कच्चा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मी आमची शाखा काढून बघितली. माझ्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं – "दत्तात्रय : पालित असल्याचे बोलले जाते."

पालित. म्हणजे कुठून तरी आणून वाढवलेला. म्हणजे माझे वडील, मी, माझी मुलगी, आम्ही सगळे त्या घरात कुणीच नाही.

मी लगेच फोन लावला.

"दादा, कोण बोलतं असं?"

"सगळेच बोलायचे गं. तुझी पणजी लक्ष्मी, नवरा गेल्यावर कॅम्पातल्या साहेबाच्या पोरांना सांभाळायला म्हणून आगबोटीत बसून गेली. आपलं पोर असतं तर कुठली आई टाकून गेली असती?"

"केस काढून, विधवेचं अलवण नेसवून कोपऱ्यात बसवली असती तर तुम्ही थांबला असता का?"

"मंदा, तू भांडी विकतेस ना, ती वीक. हे पुराव्याचं काम आहे. पुरावा दे, वाक्य काढतो."

भांडी. दहा माणसांना पगार देते मी आणि हा भांडी म्हणतो. ठीक आहे, म्हटलं. पुरावा देते आणि तोही असा की तुम्हाला तो पानभर छापावा लागेल.

पणजी कुठे गेली ते मला माहीत होतं. आजोबा म्हातारपणी इंग्लंडच्या एका गावाचं नाव घ्यायचे, लहान मुलाने पाठ केलेलं असावं तसं. वडिलांनी ते मला सांगितलं होतं. ससेक्समधलं समुद्रकाठचं गाव आहे, पेन्शनर आणि सीगल यांनी भरलेलं. त्याच्या जवळच कौंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, रेकॉर्ड ऑफिस. सुपरमार्केटच्या पार्किंगमागे चपटी विटांची इमारत, आत काचेची रीडिंग रूम. बॅग लॉकरमध्ये, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. सहा लांब टेबलं, त्यांवर जुनी पुस्तकं उघडी ठेवायला फोमच्या उशा. मी खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर बसले. मंगळवार होता आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

तिथला आर्काइव्हवाला साधारण माझ्या वयाचा गोरा माणूस, राखाडी कार्डिगन. त्याने मला दफनाच्या नोंदी दिल्या, त्या काळच्या गरिबांच्या दवाखान्याच्या दिल्या, बाप्तिस्म्याच्याही दिल्या. लक्ष्मी, लक्ष्मीबाई, इंग्रजी कारकुनाने लिहिली असेल तशी कुठलीही लक्ष्मी, मी सगळं बघितलं. परदेशी नोकरबाया होत्या बऱ्याच. लक्ष्मी एकही नाही. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागले आणि दादाचा आवाज कानात वाजायला लागला.

तेवढ्यात बाजूने आवाज आला. "कुणाला हुडकायलीस?"

माझ्या टेबलाच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. तपकिरी कोट, लोकरीची टोपी कानापर्यंत. इथली असते तशी एखादी पेन्शनर, फक्त रंग आपला. इथे मराठी म्हातारी भेटणं ही काही मोठी गोष्ट नाही, लेकाच्या घरी आलेल्या पुष्कळ असतात. मला बरंच वाटलं. शिवाय बोली आमच्याकडची, अगदी वडिलांसारखी.

"पणजीला," मी म्हटलं. "तुम्ही बेळगावच्या का आजी?"

"नाव काय तिचं?"

"लक्ष्मी."

ती हसली नाही, पण नाकातून आवाज काढला. "ते त्यांनी ठेवलेलं. तांदळात काडी फिरवून. ते घेऊन कोण समुद्रापार येतंय?"

मी पेन्सिल खाली ठेवली. इतकी साधी गोष्ट. आपल्याकडे लग्नात सासरचे बायकोचं नाव बदलतात, तांदळात लिहून नवीन देतात. माझंही बदललं होतं. घटस्फोटाच्या कागदावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर माहेरचं मंदाकिनी परत घेतलं. आणि मीच दिवसभर पणजीला सासरच्या नावाने शोधत बसले होते. दादाच्या मसुद्यातही सगळ्या सुना सासरच्याच नावाने. माहेरची नावं एकाही सुनेची नाहीत, कुणी ठेवलीच नाहीत.

"माहेरचं नाव आता कुणाला माहीत असणार?" मी म्हटलं.

"मला हाय."

मी तिच्याकडे नीट बघितलं. तिच्यासमोर ना पुस्तक, ना कागद. हात मांडीवर. डोळे... कसं सांगू, रस्त्यावर कुणी आपल्या गाडीला घासून गेलं की आपण बघतो ना, तसं ती माझ्याकडे बघत होती. त्यात माया वगैरे काही नव्हती.

"सांगा मग," मी म्हटलं.

"फुकट?"

आता हे माझं मैदान. मी खुर्ची वळवली. "काय हवंय?"

"नाव सांगतो. खरं त्या घराला द्यायचं न्हाई."

आमच्याकडच्या जुन्या बायका 'सांगतो', 'जातो' असंच बोलतात, 'पण' म्हणायला 'खरं' म्हणतात. माझी आत्या तशी बोलायची.

"त्या घराला म्हणजे?"

"बोडकं करून अंधारात बशिवलं त्या घराला. त्यांच्या पुस्तकात नाव घालायचं न्हाई. तिचंबी न्हाई, पोराचंबी न्हाई."

"पोराचं घालायलाच तर मी आलेय."

"मग ऊठ आणि जा."

"आजी, पोरगा त्यांच्या रक्ताचा आहे. त्याला पालित म्हणतायत ते."

"म्हणू देत की. पोर तिचं. त्यांचं न्हवं."

"बरं, तिचं नाव नाही घालत, फक्त पोराचं घालते. मधलं काहीतरी काढू."

"मधलं न्हाई."

मी थोडं थांबले. समोरचा आधी बोलेल म्हणून मी नेहमी थांबते. ही बोलली नाही. तिला घाईच नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "ठीक आहे. नाही देत."

खरं सांगायचं तर मी ते धंद्यातलं 'ठीक आहे' म्हटलं होतं. आधी माल हातात येऊ दे, मग बघू.

"शब्द?" ती म्हणाली.

"शब्द."

"तानी," ती म्हणाली. "तानी म्हणत हुते मला."

एवढ्यात आर्काइव्हवाला माझ्या खांद्याशी आला. त्याने हळू आवाजात सांगितलं की फोनवर बोलायचं असेल तर बाहेर बोला, पलीकडच्या वाचकांनी तक्रार केलीय. मी म्हटलं, मी फोनवर नाही, या बाईंशी बोलतेय. त्याने टेबलाच्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही वळले. खुर्ची टेबलाखाली आत सरकवलेली होती.

गेली असेल बाथरूमला, असं मी स्वतःला सांगितलं. त्या वेळी मला म्हातारीपेक्षा नाव महत्त्वाचं होतं. ती शेवटी 'मला' म्हणाली, हे तर माझ्या लक्षातच आलं नाही. दवाखान्याची वही मी परत मागितली आणि तानी शोधली. सापडली. अक्षर तिरपं होतं, म्हणून आर्काइव्हवाल्याकडून वाचून घेतलं. त्याने बोट न टेकवता ओळ वाचली : तानी, भारतीय दाई, विधवा. जवळचे नातलग : मुलगा एक, दत्तू – आणि पुढे आमच्या गावाचं नाव. 'दत्तू'चा उच्चार कसा करायचा तेही त्याने मला विचारलं. मी दोनदा म्हणून दाखवला.

पार्किंगमध्ये गाडीत बसले. इंजिन सुरू करायच्या आधी दादाला मेसेज केला. सगळा. तानी, दत्तू, गाव. वर लिहिलं, "आता बोलायला सांगा सगळ्यांना."

म्हातारीला दिलेला शब्द आठवला. आठवला नाही असं नाही. पण कोण ती? तिला काय कळणार?

दादाचं उत्तर आलं. "मेसेजात कुणीही काहीही लिहील. सर्टिफाइड कॉपी पाठव."

मी तशीच आत गेले, कॉपीचा फॉर्म भरला आणि पाठवायचा पत्ता दादाचा दिला. माझ्याकडे मागवून पुढे पाठवता आली असती. पण शिक्क्याचं पाकीट पोस्टमन त्याच्या हातात देतोय, हे चित्र मला फार आवडलं होतं.

पाकीट पोचल्यावर त्याचा फोन आला. मी लूटनला एका किचनचा सौदा करत होते, तरी उचलला.

"मिळालं गं," दादा म्हणाला. आवाज इतका गोड की मला तिथेच कळायला हवं होतं. "तुझ्या चिकाटीला मानलं. मीच चुकत होतो. मी नुसतं 'बोलले जाते' लिहिलं होतं."

"मग आता काय लिहिताय?"

"जे आहे ते. तानी, दाई, विधवा. जवळचे नातलग, कोणी नाही."

"नीट वाचा."

"चष्मा लावूनच वाचतोय. नातलग, कोणी नाही. शिक्का आहे, सही आहे. तू स्वतःच मागवलंस ना? आणि तुझ्याच मेसेजात आहे की तानी म्हणजे आपली लक्ष्मी."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. किचनवाला घाबरून बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेकॉर्ड ऑफिसच्या दारात होते, उघडायच्या आधी. आर्काइव्हवाल्याला म्हटलं, तुमच्या कुणीतरी चुकीच्या ओळीची कॉपी काढलीय. तोही थोडा चिडला. म्हणाला, कॉपी मीच काढली, ओळ तीच होती. तुम्ही पाहा. त्याने वही आणली, फोमवर ठेवली, पान उघडलं. तानी. भारतीय दाई. विधवा. तेच तिरपं अक्षर, तीच फिकट तपकिरी शाई. नातलगांच्या रकान्यात – कोणी नाही.

"तुम्हीच मला वाचून दाखवलंत," मी म्हटलं. "दत्तू."

तो आत गेला. मग भिंग आणलं, छोटा दिवा आणला. कागद खरवडलाय का, शाई वेगळी आहे का, सगळं बघितलं. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. कॉपी काढताना ओळ शोधली आणि वही यंत्रावर ठेवली, वाचायचं कारणच नव्हतं, असं तो स्वतःशीच म्हणाला. बऱ्याच वेळाने त्याने दिवा बंद केला.

"मी वाचलं होतं," तो म्हणाला. "उच्चार विचारला होता तुम्हाला. मला आठवतंय."

"मग हे लिहून द्या."

"मी काय लिहून देऊ? वहीत हे आहे." त्याने वही मिटली. एरवी इतका हळुवार माणूस, पण मिटताना हात जरा आपटलाच. "कृपया माझ्याकडे हे लेखी मागू नका. आणि शक्य असेल तर ही वही पुन्हा मागवू नका."

तो गेल्यावर मी तिथेच बसले. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती. मी आयुष्यात मोडलेल्या सौद्याकडे परत गेलेली नाही, पण त्या दिवशी गेले. हळू आवाजात मराठीत म्हटलं, आजी, चुकलं माझं, मी दादाला सांगते सगळं खोटं होतं, पुस्तकातून काढायला लावते, तुम्ही म्हणाल ते. फक्त आजोबांचं नाव वहीत परत लिहा. पोराने काय केलं होतं? तो तर म्हातारा होईपर्यंत तुमच्या या इथल्या गावाचं नाव घोकत होता.

पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईने आपली पुस्तकं उचलली आणि ती लांब जाऊन बसली. बाकी काही झालं नाही.

दादाला मी खरंच सांगितलं, की मेसेज खोटा होता, तानी दुसरीच कुणीतरी. तो हसला. पुस्तक मागच्या महिन्यात छापून आलं. माझ्याकडे कुरिअरने एक प्रत आली, न मागता. आमच्या शाखेत लिहिलंय – "लक्ष्मी (माहेरचे नाव तानी) : इंग्लंडमधील नोंदीनुसार निपुत्रिक. दत्तात्रय हे पालित." आणि खाली बारीक अक्षरात – "माहितीबद्दल आभार : मंदाकिनी, वेम्बली."

शाईचं कुणी काही समजावेल तर वाचेन. मला अजून काही कळलेलं नाही, आर्काइव्हवाल्यालाही नाही. एवढं कळतंय की आजोबा आता त्या घराचे नाहीत आणि तिचेही नाहीत, आणि दोन्हीकडून त्यांना मीच काढलंय.