साडेतीन पाहुण्यांचं पाणी

आमच्या घरामागची विहीर कातळात खोदलेली आहे. एप्रिल लागला की रोज सकाळी मी तिच्यात गाठी मारलेली दोरी सोडतो; जितक्या गाठी भिजतील तितकं पाणी. त्या वर्षी एप्रिलच्या मध्याला नऊ भिजल्या. त्या पाण्यात घर भागवायचं होतं, आणि बायकोने लावलेली बारा हापूस कलमं जगवायची होती. कातळ फोडून, बाहेरची माती भरून तिने ती आदल्याच पावसाळ्यात लावली होती. पहिला उन्हाळा अशी कलमं पाण्यावाचून काढत नाहीत.

मी कागद घेऊन बसलो. पाऊस सात जूनला धरला आणि पाणी दिवसांवर वाटून टाकलं. धाकटा भाऊ मुंबईहून मे महिन्यात कधी येतो, कधी येत नाही. आला तर त्याच्या घरचे मिळून सात जण. मी मध्य काढून साडेतीन माणसं धरली आणि कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. बायकोने तो वाचून विचारलं, "भावोजींच्यातला अर्धा कोण येणार?"

मुलगी पुण्यात असल्या अंदाजाच्या हिशेबांचंच गणित शिकते. फोनवर ती म्हणाली, साडेतीन माणसं कधीच येत नसतात. सात येतील, नाहीतर कोणीच नाही. आज फक्त या आठवड्याचं ठरवा, पुढचं दोरी पाहून आणि काकांचं कळल्यावर. पण या आठवड्याचं ठरवण्याआधी मे अखेरीस एका गाठीच्या पाण्याची किंमत काय असेल ते मनात आणा, आणि तेवढा हात आज आखडता घ्या.

मला पटलं होतं. पण कचेरीतून आल्यावर दर आठवड्याला पुन्हा पहिल्यापासून विचार करायचं त्राण नव्हतं. कागद होता. कागदाप्रमाणे रोज प्रत्येक कलमाला एक कळशी घालत राहिलो.

सातही जण आले, अकरा दिवस राहिले. ते गेले त्या सकाळी दोनच गाठी भिजल्या आणि कळशीत गढूळ पाणी आलं. टँकरवाल्याने नंबर लावून घेतला, दिवस सांगितला नाही.

मुलीला फोन केला. कुठल्या कलमांचे शेंडे हिरवे आहेत ते तिने विचारून घेतलं आणि म्हणाली, "पाच आज सोडावी लागतील, बाबा. बाकीच्यांचं आज ठरवू नका."

बायको शेजारीच उभी होती. "कुठली पाच ते मी दाखवते," ती म्हणाली. "त्यांना ओलांडून पुढे तुम्ही जा."

सात कलमांना मी थोडं थोडं पाणी घातलं. सोडलेल्यांपैकी शेवटच्याला एक पान अजून हिरवं होतं. तिथे माझे पाय थांबले. कळशीच्या तळाला थोडं उरलं होतं.

"ते उद्याला," ती म्हणाली.

मी कळशी तशीच घरात आणली.